कॅलिफोर्निया राज्याला ठाऊक आहे : प्लास्टिकच्या गांडुळावरील इशाऱ्याची कथा

मालवणला राहणाऱ्या माझ्या आतेभावाला मासे गरवण्याचा नाद आहे. गेल्या दिवाळीत त्याने ऑनलाइन मागवलेले एक पाकीट माझ्यापुढे टाकले. आत बोटभर लांबीची मऊ, लिबलिबीत, चमचमत्या कणांची प्लास्टिकची गांडुळे होती. पाकिटाच्या पाठीवर पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह आणि शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत कर्करोग व प्रजननहानीचा इशारा. खाली कॅलिफोर्निया राज्याच्या संकेतस्थळाचा पत्ता.

"ह्या माशान खावचा. माका कॅन्सर कित्याक होतलो?" हा त्याचा पहिला प्रश्न. कॅलिफोर्नियाचा मालवणशी संबंध काय, हा दुसरा.

मित्रमैत्रिणींनो, आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे. किल्ले आणि तह यांना आज सुट्टी. पण एका बोटभर इशाऱ्यामागे पन्नासएक वर्षांचा राजकीय, रासायनिक आणि न्यायालयीन इतिहास दडलेला आहे, आणि तो मला कुठल्याही तहनाम्याइतकाच वाचनीय वाटतो.

आरंभ गांडुळापासूनच करू. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन हे शहर एकेकाळी रबराची राजधानी म्हणून ओळखले जाई. टायरचे मोठमोठे कारखाने तेथे होते. १९२६ साली तेथील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवण्यासाठी काही गोंद सापडतो का, याच्या शोधात होता. पॉलिव्हिनिल क्लोराइड, म्हणजे आपले पीव्हीसी, त्या काळी निरुपयोगी मानले जाई, कारण ते कडक आणि ठिसूळ होते. सेमनने ते उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवून पाहिले. गोंद काही मिळाला नाही. मिळाला तो रबरासारखा लवचिक, पाण्याला दाद न देणारा एक पदार्थ. प्लास्टिकला मऊ करणाऱ्या अशा द्रव्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. पुढे या कामासाठी थॅलेट वर्गातील द्रव्ये सर्वाधिक वापरात आली. त्यांतील अग्रणी म्हणजे डायइथाइलहेक्झिल थॅलेट, थोडक्यात डीईएचपी. रेनकोट, पडदे, विजेच्या तारांची आवरणे, रक्ताच्या पिशव्या, सर्वत्र त्याचा संचार झाला.

त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम या यंत्रकामगाराने आणि त्याची पत्नी कॉस्मा हिने घरच्या घरी प्लास्टिकचे गांडूळ ओतून तयार केले. खरे गांडूळ गळाला लावले तर ते मरते, सुटून जाते, उन्हात वाळते. हे तसे काही करत नव्हते. पुढे क्रीमचा व्यवसाय टेक्ससमधील टायलर गावी गेला. दक्षिणेकडील राज्यांत नव्या धरणांचे जलाशय भरत होते आणि बुडालेल्या झाडाझुडपांत बास मासा वाढत होता. मऊ गांडुळात गळाचे टोक लपवले की ते फांद्यांत अडकत नसे. १९६७ साली रे स्कॉट याने आर्कान्सासमधील बीव्हर जलाशयावर बास मासेमारीची मोठी स्पर्धा भरवली आणि छंदाचे रूपांतर बक्षिसाच्या खेळात होऊ लागले. गांडुळांबरोबर सरडे, खेकडे, बेडूक, चिमुकले मासे असे सारे प्राणिजगत प्लास्टिकमध्ये अवतरले.

यातील रसायन समजून घेणे अगत्याचे आहे. पीव्हीसीची भुकटी प्लास्टिसायझरमध्ये मिसळली की दुधासारखा पातळ द्रव होतो. त्यास प्लॅस्टिसोल म्हणतात. तो सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यात ओतला की थंड होताना जेलीसारखा घट्ट बसतो. गांडूळ जितके मऊ हवे तितके प्लास्टिसायझर अधिक. अतिमऊ आमिषात निम्म्याहून अधिक वजन कित्येकदा या द्रव्याचेच असते. आणि हे द्रव्य पीव्हीसीच्या साखळीशी रासायनिक बंधाने जोडलेले नसते. स्पंजात पाणी राहावे तसे ते आत राहते आणि हळूहळू बाहेर झिरपते.

गरवणाऱ्यांना हे प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक होते. मऊ गांडुळे आमिषाच्या जुन्या कडक डब्यात ठेवून विसरली, की काही दिवसांनी डब्याचा तळ वितळून चिकट झालेला दिसे. गांडुळातून पाझरलेले प्लास्टिसायझर डब्याचे प्लास्टिक विरघळवत असे. तेव्हा डबे बनवणाऱ्यांनी 'गांडुळाने न बिघडणारे' अशी जाहिरात करून नवे डबे विकले. डबा वाचवण्याचा बंदोबस्त झाला. हाताचा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नसावा.

आता अ‍ॅक्रन सोडून कॅलिफोर्नियात जाऊ. १९७७ च्या उन्हाळ्यात लॅथ्रप गावच्या ऑक्सिडेंटल कंपनीच्या कारखान्यात कीटकनाशक विभागातील कामगारांच्या आपसातल्या गप्पांत एक गोष्ट पुढे आली : त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नव्हते. तपासणीत कोणाची शुक्रजंतूंची संख्या अत्यल्प, तर कोणाची शून्य निघाली. कारण होते डीबीसीपी, म्हणजे डायब्रोमोक्लोरोप्रोपेन. जमिनीतील सूत्रकृमी मारण्यासाठी ते शेतात टोचले जाई. (एकीकडे कृत्रिम गांडुळे घडत होती, दुसरीकडे खऱ्या कृमींचा संहार चालला होता. इतिहासाला असे योगायोग आवडतात.)

खरा धक्का पुढचा आहे. डीबीसीपीमुळे उंदरांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आले होते. उत्पादकांच्या पैशानेच झालेले ते संशोधन होते. म्हणजे माहिती अस्तित्वात होती. मात्र पिंपे भरणाऱ्या माणसापर्यंत ती सोळा वर्षे पोहोचली नाही. १९७९ मध्ये या द्रव्याच्या बहुतेक वापरावर अमेरिकेत बंदी आली. तोवर ते सॅन होआकीन खोऱ्यातील विहिरींच्या पाण्यात उतरलेले आढळले होते.

पाठोपाठ १९८१ च्या अखेरीस सॅन होजे शहरात फेअरचाइल्ड या संगणक-चिप बनवणाऱ्या कंपनीच्या भूमिगत टाकीतून द्रावक गळून शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मिसळल्याचे उघड झाले. धुराडी नसलेला, स्वच्छ म्हणून मिरवणारा हा उद्योग. नळाचे पाणी पिणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या वस्तीत घबराट पसरली. रिव्हरसाइड परगण्यातील स्ट्रिंगफेलो येथील आम्लाच्या खाणींचे प्रकरणही त्याच काळात गाजत होते.

या वातावरणात पर्यावरणवादी संघटनांतील काही वकिलांनी, त्यांत डेव्हिड रो हे नाव महत्त्वाचे, एक मसुदा तयार केला. कॅलिफोर्नियाच्या राज्यव्यवस्थेत एक विशेष सोय आहे. १९११ साली गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या काळात आलेल्या सुधारणेनुसार नागरिक सह्या गोळा करून एखादा कायदा थेट मतदारांपुढे ठेवू शकतात. विधिमंडळाला वळसा घालता येतो. असा प्रत्येक प्रस्ताव क्रमांकाने ओळखला जातो. या प्रस्तावाचा क्रमांक होता ६५.

मूळ समस्या अशी होती. तोवरच्या अमेरिकी कायद्यांत एखादे द्रव्य घातक आहे हे सरकारने सिद्ध करावयाचे, मग मर्यादा ठरवावयाची, मग उद्योगाने ती न्यायालयात अडवावयाची. वर्षे निघून जात. अज्ञान उद्योगाच्या पथ्यावर पडत असे, कारण जोवर ठाम माहिती नाही तोवर बंधन नाही. प्रस्ताव ६५ ने हे पारडे उलटवले. राज्याने फक्त यादी करावी. यादीतील द्रव्याशी लोकांचा संपर्क घडवणाऱ्या व्यवसायाने एक तर 'स्पष्ट व वाजवी' इशारा द्यावा, नाहीतर प्रमाण नगण्य असल्याचे स्वतः सिद्ध करावे. नगण्य म्हणजे किती, तेही ठरलेले : कर्करोगाच्या बाबतीत एक लाख माणसांनी ७० वर्षे रोज तेवढे द्रव्य घेतले तरी त्यांत एकाहून अधिक जादा रुग्ण होऊ नये. प्रजननहानीच्या बाबतीत, ज्या मात्रेला काहीच परिणाम दिसत नाही तिचाही हजारावा भाग.

मला या तरतुदीत खरी बुद्धिमत्ता दिसते. अज्ञानाचा फायदा एका वाक्याने संपवला गेला.

४ नोव्हेंबर १९८६ रोजी मतदान झाले. तेल, रसायन आणि शेती उद्योगांनी विरोधात भरपूर पैसा ओतला होता. सरकारी संस्थांना कायद्यातून सूट दिली आहे, हा त्यांच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. गव्हर्नर जॉर्ज डूकमेजियन यांचा प्रस्तावाला विरोध, तर त्यांचे प्रतिस्पर्धी, लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांचा पाठिंबा होता. मतदारांनी काय केले? सुमारे ६३ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर केला आणि त्याच मतपत्रिकेवर डूकमेजियन यांनाही मोठ्या फरकाने पुन्हा निवडून दिले. ज्याला कायदा नको होता, त्याच्याच हाती यादी आली.

परिणाम अपेक्षितच होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये पहिली यादी निघाली ती अवघ्या २९ द्रव्यांची. माणसांवरील पुराव्याने जे सिद्ध झाले तेवढेच 'ठाऊक', अशी सरकारची भूमिका. प्राण्यांवरील प्रयोगांतून सिद्ध झालेले ते काय अज्ञात म्हणावयाचे? कामगार संघटनांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाचा कौल संघटनांच्या बाजूने गेला : प्राण्यांवरील पुराव्याच्या आधारे मान्यताप्राप्त संस्थांनी घातक ठरवलेली द्रव्येही यादीत आलीच पाहिजेत. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आज ही यादी सुमारे ९०० द्रव्यांची आहे.

या वादात एक क्रियापद केंद्रस्थानी होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. पुढे तीसएक वर्षे प्रत्येक इशाऱ्यात तेच शब्द येत राहिले : कर्करोगास कारणीभूत असल्याचे 'कॅलिफोर्निया राज्याला ठाऊक असलेले' द्रव्य. इतर ४९ राज्यांना ते ठाऊक नाही की काय, असा विनोद अमेरिकेत रूढ झाला तो यामुळेच.

डीईएचपी या यादीत १ जानेवारी १९८८ रोजी आले, कर्करोगकारक म्हणून. उंदरांना ते खाऊ घातल्यावर यकृतात गाठी होतात, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने १९८२ मध्ये दाखवले होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या २-ब गटात ठेवले. येथवर सरळ आहे. पण २००० साली त्याच संस्थेने उंदराच्या यकृतात घडणारी प्रक्रिया माणसाला लागू पडत नाही, असे म्हणत त्याला खालच्या तिसऱ्या गटात ढकलले. २०११ मध्ये फेरविचार झाला आणि ते पुन्हा २-ब मध्ये परतले. या अकरा वर्षांत शास्त्राने दोनदा मत बदलले. कॅलिफोर्नियाच्या यादीत मात्र ते होते तेथेच राहिले. दरम्यान २००३ मध्ये गर्भाच्या वाढीस आणि पुरुषांच्या प्रजननसंस्थेस घातक म्हणून त्याची दुसऱ्यांदा नोंद झाली. आज थॅलेटविषयीची चिंता मुख्यतः या दुसऱ्या कारणाची आहे.

मग खेळण्यांचे काय? युरोपने १९९९ मध्ये लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या मऊ खेळण्यांतील काही थॅलेटवर तातडीची बंदी आणली. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत डीईएचपीला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. येथे आपल्या गांडुळाची गंमत होते. दिसायला ते खेळणेच. दुकानाच्या फळीवरचा रंगीत रबरी बेडूक आणि बाळाच्या हातातील रबरी बेडूक यांत लांबून फरक कळणार नाही. पण गळाला लागणारा बेडूक 'क्रीडासाहित्य' ठरला आणि बंदीतून निसटला. त्याच्या वाट्याला उरला तो फक्त इशारा.

आता आतेभावाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. कायदा माशाचा विचार करत नाही. तो हात पाहतो. गांडूळ गळाला लावताना बोटांना तेलकट थर लागतो आणि त्याच हाताने माणूस भाकरी खातो, विडी ओढतो, किंवा दोन्ही हात गुंतले म्हणून आमिष क्षणभर दातांत धरतो. (हे शेवटचे मी आतेभावाला करताना पाहिले आहे.) त्यातून शरीरात किती जाते, हे वस्तूवस्तूगणिक मोजावे लागते. ते मोजणे खर्चाचे, आणि इशारा छापणे जवळजवळ फुकट.

येथेच कायद्याची दुसरी बाजू सुरू होते. प्रस्ताव ६५ ची अंमलबजावणी केवळ सरकारवर सोडलेली नाही. लोकहितार्थ कोणीही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन दावा लावू शकतो. प्रत्येक उल्लंघनास दिवसाला २५०० डॉलरपर्यंत दंड, त्याचा चौथा हिस्सा दावा करणाऱ्याला, शिवाय वकिलाचा खर्च. वस्तूत यादीतले द्रव्य आहे आणि माणसाचा त्याच्याशी संपर्क येतो, एवढे वादीने दाखवले की पुरे. मात्रा निर्धोक आहे हे कंपनीने सिद्ध करावयाचे. तेव्हा दावे लावणे हाच व्यवसाय झालेली कार्यालये उदयास आली. अनावश्यक इशारा दिल्याबद्दल मात्र कोणताही दंड नाही. व्यापाऱ्याने काय करावे? चाचणी न करताच इशारा छापावा. आणि एकट्या कॅलिफोर्नियासाठी वेगळे पाकीट छापणे परवडत नसल्याने तोच इशारा जगभर पाठवावा. अशा रीतीने सॅन होआकीनच्या विहिरींचे पाणी मालवणच्या पाकिटावर उतरले.

म्हणून हा कायदा फसला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. वाहनतळ, हॉटेलांची दारे, विमानतळ, सर्वत्र तीच पाटी. भाजलेल्या कॉफीतील अ‍ॅक्रिलामाइडवरून २०१० पासून खटला चालला, २०१८ मध्ये न्यायाधीशाने कॉफीवरही इशारा हवा असे म्हटले आणि २०१९ मध्ये राज्यालाच नियम करून कॉफीला सूट द्यावी लागली. माझे मत थोडे वेगळे आहे. या कायद्याचे यश पाटीवर शोधू नये, न छापल्या गेलेल्या पाट्यांत शोधावे. टंकलेखनातील चुका झाकण्याच्या पांढऱ्या द्रवातून ट्रायक्लोरोएथिलीन गेले, पाण्याच्या नळांतील शिसे घटले, ते इशारा छापण्याची लाज टाळण्यासाठी. मऊ आमिषांतही तेच घडले. अनेक उत्पादकांनी डीईएचपी सोडून जवळचा भाऊबंद असलेले डीआयएनपी धरले. २० डिसेंबर २०१३ रोजी तेही यादीत आले. दिवसाला १४६ मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा ठरली. तेव्हा कित्येकांनी थॅलेटविरहित प्लॅस्टिसोलकडे मोर्चा वळवला. वाचणाऱ्याने इशारा वाचला नसेल, छापणाऱ्याने वाचला.

तरीही दोन गोष्टी मला बोचतात.

पहिली, १० पेक्षा कमी नोकर असलेल्या व्यवसायाला हा कायदा लागू नाही. मऊ आमिषे ओतणारे असंख्य लोक एकटे, घराच्या गॅरेजमध्ये, स्वयंपाकाच्या मायक्रोवेव्हमध्ये प्लॅस्टिसोल तापवतात. निक आणि कॉस्मा क्रीम यांचीच परंपरा ती. गरम द्रवाच्या वाफा ते नाकाने घेतात. द्रव करपला तर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. सर्वाधिक संपर्क ज्याचा, त्याच्यासाठी पाटी नाही. लॅथ्रपच्या पिंपे भरणाऱ्या कामगारापासून सुरू झालेली कथा पुन्हा ओतणाऱ्या माणसापाशी येऊन थांबते, आणि त्याला बगल देऊन पुढे जाते.

दुसरी गोष्ट कायद्याच्या नावातच आहे. त्याचे अधिकृत नाव 'सुरक्षित पेयजल व विषारी द्रव्य अंमलबजावणी अधिनियम, १९८६'. पाणी आधी, इशारा नंतर. पेयजलाच्या स्रोतात यादीतील द्रव्य सोडण्यास व्यवसायांना मनाई करणारा त्याचा भाग फारसा चर्चेत येत नाही. प्लास्टिकची गांडुळे तर तुटून, गळावरून निसटून, पाण्यातच राहतात. ती कुजत नाहीत. मासे गिळतात, पोटात ती फुगतात. कारखाना म्हणून सोडलेला थेंब कायद्याला दिसतो, गरवणाऱ्याच्या हातून सुटलेले गांडूळ दिसत नाही.

२०१८ च्या ऑगस्टपासून इशाऱ्याचे रूप बदलले. पिवळा त्रिकोण आला आणि पूर्ण इशाऱ्यात निदान एका द्रव्याचे नाव छापणे बंधनकारक झाले. पण पाकिटांवर नाव न देता आखूड मजकूर छापण्याची मुभा राहिली आणि बहुतेकांनी तीच पकडली. माझ्या आतेभावाचे पाकीटही त्यातलेच. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार आखूड इशाऱ्यातही द्रव्याचे नाव द्यावे लागेल, मात्र जुन्या पाट्या बदलण्यास तीन वर्षांची सवलत आहे.

तेव्हा २०२८ नंतर त्याने मागवलेल्या पाकिटावर बहुधा नाव असेल. तोवर मी त्याला एवढेच सांगितले की हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवू नकोस आणि आमिष दातांत धरू नकोस. तो हसला आणि म्हणाला, सुरमई गांडुळाला भुलत नाही, तिला चमकता मासा लागतो. मग त्याने डब्यातून शिशाचे वजन काढले आणि दोरी पकडण्यासाठी तेच दातांत धरले.

पुढचा धागा शिशाचा : प्रस्ताव ६५ मंजूर झाल्यावर दोनच महिन्यांत, १ जानेवारी १९८७ पासून, ब्रिटनने गरवणाऱ्यांच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी का आणली, आणि त्याचा टेम्स नदीतील हंसांशी काय संबंध होता.